पंच क्रमांक एक

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आज दहा सह्या. चहा दोन कप, मगदूम हवालदारांच्या खर्चानं — म्हणजे चौकीच्या खर्चानं, म्हणजे शेवटी त्या बिचाऱ्या हॉटेलवाल्याच्या.

दर सोमवारी असंच. हवालदार कोरे पंचनामे घेऊन दुकानात येतात. वर आधीच लिहिलेलं असतं — "पंच क्र. १, गणपतराव बळवंतराव सणगर, धंदा फ्रेम मेकर." खाली मी सही ठोकायची. मधली जागा मोकळी. कुणाला दारू पिऊन धरलं की ती भरायची. पंच क्रमांक दोन इलाही, शेजारचा सायकलवाला. तो ग्रीसचे हात पुसतो आणि माझ्याखाली सही करतो.

पूर्वी दर खेपेला हाक यायची. "गणपतराव, चला, एक गिऱ्हाईक घावलंय." मग ओलं पॉलिश तसंच टाकून पळायचं. परत येईतोवर फ्रेमवर रस्त्याची धूळ बसलेली. हवालदारच एकदा म्हणाले, "तुम्हाला हेलपाटा नको, आम्हाला खोळंबा नको. सोमवारी एकदम उरकून टाकूया की." माणूस डोक्यानं चांगला.

वीस वर्षं झाली. दुकान चौकीच्या समोर, त्याचा हा मान. मधला मजकूर मला तोंडपाठ आहे. "सदर इसमाच्या तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे तांबारलेले होते, जीभ अडखळत होती व चालताना झोकांड्या जात होत्या." कोर्टात विचारलं की घडाघडा म्हणतो. एकदा एका वकिलानं अडवलं — आरोपी पायानं अधू आहे, झोकांड्या कशा ओळखल्या? म्हटलं, साहेब, लंगडण्याची झोकांडी वेगळी आणि दारूची वेगळी. कोर्ट हसलं. आरोपीला दंड झाला.

श्यामलाला आवडत नाही. "देवाचे फोटो करणाऱ्यानं दारुड्यांच्या भानगडीत कशाला पडायचं?" पण माहेरच्या लग्नात "आमचे हे सरकारी पंच" हे सांगताना हिचाच आवाज सगळ्यात मोठा!

२० नोव्हेंबर

चौकीचं काम आलं. नवे फौजदार हजर होणार आहेत, त्यांच्यासाठी भिंतीवर दारूबंदीची शपथ लावायची. तीन फूट बाय चार फूट, सागवानी पट्टी, काच. घाई आहे म्हणे.

मगदूम हवालदार रजेवर चाललेत. जोतिबाला बोकड कबूल केलाय— नाही, चुकलो, जोतिबाला पुरणपोळी. बोकड यमाईला की कुणाला तरी. एकूण आठ दिवस नाहीत.

२४ नोव्हेंबर

शपथेच्या फ्रेमला पॉलिशचे तीन हात दिले. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं घासत राहायचं. काम सुरेख झालं. पण सदरा, हात, मिशा, सगळ्याला स्पिरिटचा वास. श्यामलानं ताट परसात आणून दिलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मला धरलं.

लिहितानासुद्धा खरं वाटत नाही. सकाळी अकराला चौथा हात देऊन शपथ पोचवायला निघालो. फ्रेम माझ्या छातीएवढी. पुढचं काही दिसत नाही, वारा काचेवर आपटतोय, त्यात चपलेचा अंगठा तुटला. रस्ता ओलांडताना थोडा इकडं, थोडा तिकडं झालो. समोर एक साध्या कपड्यातले गृहस्थ आले. "काय हो, सकाळी सकाळी?" मी म्हटलं, "पावणं, जरा बाजूला व्हा, माल नाजूक हाय." त्यांनी वाकून माझा वास घेतला. मग सदऱ्याचा वास घेतला. मग कॉन्स्टेबलला म्हणाले, "आत घे याला."

नवे फौजदार!

आत एक नवा पोरगेला कॉन्स्टेबल. मला ओळखत नाही. चौकीत मला न ओळखणारा माणूस — वीस वर्षांत पहिला. म्हटलं, मी पंच आहे. फौजदार म्हणाले, "पंच असा नाहीतर सरपंच, बस खाली." शपथेची फ्रेम मात्र त्यांनी नीट भिंतीला टेकवून ठेवायला लावली.

कॉन्स्टेबलनं हवालदारांच्या खणातून कागद काढला आणि भरायला लागला. "तोंडास वास" लिहिलं आणि अडला. "डोळे... डोळे..." पेन चावत बसला. मला राहवेना. वीस वर्षांची सवय. म्हटलं, "तांबारलेले." तो म्हणाला, "थँक्यू. फुडं?" मी सांगितलं पुढचं. झोकांड्यांपर्यंत सगळं सांगितलं. देवा शपथ, मीच सांगितलं.

तेवढ्यात नंदिनी आली. इलाहीनं सायकल मारत कॉलेजात निरोप दिला होता. माझी मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या फौजदारांना म्हणाली, "अप्पांना अटकेचं कारण सांगितलं का?"

"कारण पार रस्त्यापर्यंत येतंय, बाई."

"तसं न्हाय. एप्रिलपासून नवा कायदा आलाय. कुठल्या गुन्ह्यासाठी धरलं ते सगळं सांगायला पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असंल तर जामीन देऊन सुटता येतं, हे बी तुम्हीच सांगायचं. त्यांनी विचारायची वाट बघायची न्हाय. आणि चोवीस तासांच्या आत कोर्टासमोर न्यायचं."

मी तिला गप्प केलं. म्हटलं, साहेबांशी असं बोलतात का? अगं, आपण सरकारी बाजूची माणसं. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही आज दुसऱ्या बाजूला हायसा."

मग म्हणाली, डॉक्टरी तपासणी पाहिजे, रक्त काढा. कॉन्स्टेबल म्हणाला, पंचनामा झालाय की, रक्त कशाला? नंदिनीनं तिथंच अर्ज लिहिला. दवाखान्यात कंपाउंडर माझ्या दंडाला कापूस लावणार, तोच ही ओरडली, "थांबा, स्पिरिट लावू नका! नियमच हाय तसा. हातावर स्पिरिट लावलं तर रक्तात येणार की." कंपाउंडर म्हणाला, "मग काय लावू बाई, गोडंतेल?" शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यानं दंड पुसला. मला सगळं मिळून एवढंच कळलं, की कायद्यात माझ्या दंडाचाही विचार केलेला आहे.

जामीन इलाही राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "राहिलो खरा, पण गणपतराव, वास येतोय हां."

२७ नोव्हेंबर

गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिन्यांपर्यंत आत. नंदिनीनं पुस्तकातून वाचून दाखवलं. सकाळपासून एका फ्रेमचा कोन जुळेना.

श्यामला म्हणाली, "वीस वर्षं दुसऱ्याचे वास घेतले, आता घ्या." मग परसात जाऊन रडली. मला वाटलं कांदा चिरते आहे. कांदा घरात नव्हता.

२ डिसेंबर, सोमवार

मगदूम हवालदार आले. कपाळाला गुलाल, डोळ्यांत पाणी. "गणपतराव, घात झाला. पोरगं नवं, साहेब नवं. मी असतो तर झालं नसतं. बघतो मिटवून." बराच वेळ बसले. चहा झाला. उठताना सवयीनं कागद पुढं केले.

मी सवयीनं सह्या केल्या. दहा.

हे नंदिनीला सांगायचं नाही.

५ डिसेंबर

मिटत नाही. फौजदार म्हणाले, कागद वर गेलाय, आता कोर्ट बघेल. शपथेची फ्रेम मात्र आवडली. भिंतीवर लावली.

२१ डिसेंबर

रक्ताची बाटली तपासणीला जाताना वाटेत फुटली. तसं पत्र आलं. म्हणजे आता माझ्या बाजूनं माझं रक्तसुद्धा नाही. जे आहे ते सगळं त्या पंचनाम्यावर. आणि पंचनामा किती पक्का असतो हे मला दुसऱ्यानं सांगायला नको.

७ जानेवारी १९७५, मंगळवार

आरोपीला पोलिसांच्या कागदांच्या नकला फुकट मिळतात. हाही हक्क. नंदिनी घेऊन आली. संध्याकाळी दिव्याखाली वाचत बसली. एकदम हसायला लागली. पाण्याचा तांब्या लवंडला तरी हसतेय. श्यामला घाबरली.

"अप्पा, पंच कोण हाय माहीत हाय का?"

"इलाही असंल."

"तो दोन नंबर. एक नंबर तुम्ही!"

कागद बघितला. वर माझं नाव. मध्ये माझ्या झोकांड्या. खाली माझी सही, शेपूट वळवलेली. त्या पोरानं खणातला सोमवारचा कागद काढला आणि मलाच माझ्याविरुद्ध साक्षीला बसवलं. वर वाचलंच नाही त्यानं. मी, गणपतराव सणगर, असं लिहून देतो की गणपतराव सणगर प्यायलेला होता.

हसून झाल्यावर नंदिनीनं विचारलं, "पण सही कशी आली ओ हितं?"

मग सांगावं लागलं. सोमवार, चहा, दहा सह्या. ती हसायची थांबली. जेवली नाही.

रात्री इलाही येऊन बसला. त्याची पण सही आहे म्हटल्यावर म्हणाला, "मला तर वाटलेलं ते हजेरीचं कागद हायत." खोटं बोलतो. त्याला सगळं माहीत होतं. मला होतं तेवढंच.

९ जानेवारी

नंदिनीचे सर, इनामदार वकील, यांच्याकडं गेलतो. कागद बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत बघितला. म्हणाले, "अशी केस आयुष्यात एकदा मिळते. तुम्ही फक्त उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही."

"वास येईल म्हणून?"

"नाही हो! सही कशी आली असं कोर्टानं विचारलं, तर सांगणार काय? स्वतःच्या विरुद्ध बोलायची आरोपीवर सक्ती करता येत नाही. घटनेतच आहे. गप्प राहायचा हक्क आहे तुम्हाला."

मी म्हटलं, वीस वर्षांत चौकीत जो येईल तो भडाभडा बोलायचा. हवालदार म्हणायचे, खरं बोल, सोडतो. की सगळं कबूल करायचे.

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं," वकील म्हणाले, आणि पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

२० जानेवारी, सोमवार

कोर्टात गेलो, पुढची तारीख पडली. बाकावर शेजारी एक माणूस बसला होता. कुतुबुद्दीन नाव. शाळेची बस चालवतो. चालवायचा. नोव्हेंबरात धरलं, तेव्हापासून शाळेनं घरी बसवलंय. रस्त्यात टायर फुटला, बदलताना घामाघूम, डोळ्यांत माती, आणि तसाच बाजूला बसला असताना धरला म्हणे. दारू आयुष्यात शिवलेली नाही. रक्त तपासायला मागायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला कुणी मुलगी लॉला नाही.

माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी फ्रेमवालं न्हवं? माझ्या कागदावर तुमची सही हाय. तुमी तवा कुठं हुतासा? मला तर चौकीत कोणच दिसलं न्हाय."

मी म्हटलं, आठवत नाही.

आठवत नाही कसं? त्या दिवशी मी दुकानात महालक्ष्मीच्या फोटोला काच कापत होतो. म्हणजे असणार. रोज तेच करतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुटलो!

सगळं लिहून ठेवतो. कॉन्स्टेबल पिंजऱ्यात उभा. इनामदार वकिलांनी गोड आवाजात विचारलं, पंचनाम्याच्या वेळी दोन्ही पंच हजर होते? "समक्ष हजर होते." पंच क्रमांक एक कुठं होता? पोरगं बेधडक म्हणालं, "आरोपीच्या शेजारी." किती अंतरावर? "एकदम चिकटून."

वकिलांनी कागद मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं दिला. साहेबांनी वाचला. मग कारकुनाला म्हणाले, "आरोपीचं नाव?" "गणपतराव बळवंतराव सणगर." "पंच क्रमांक एक?" कारकून कागद उलटापालटा करून बघायला लागला. "वाचा की." "गणपतराव बळवंतराव सणगर." साहेब म्हणाले, "दोघांनाही पुढे घ्या."

कोर्ट खो खो हसायला लागलं. पट्टेवाला भिंतीकडं तोंड करून हसत होता. साहेबांनी मला विचारलं, ही सही तुमची का? मी तोंड मिटलं. इनामदार उठले आणि म्हणाले, माझे पक्षकार उत्तर देणार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. साहेब म्हणाले, हक्क आहे खरा. दहा मिनिटांत निर्दोष.

पेढे वाटले. चौकीतही दिले. मगदूम हवालदारांनी दोन उचलले आणि माझा दंड दाबून म्हणाले, "शाबास. गप्प बसलासा ते लई बेस केलंसा." पेढा गोड होता. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

१४ फेब्रुवारी

दुकानात एक बाई आली. सुलतानबी, कुतुबुद्दीनची बायको. फोटो वगैरे काही आणला नव्हता. फळीवर बसली. पाणी दिलं, प्यायली.

"तुमी सुटलासा, बरं झालं. आमचं मालक कवा सुटायचं?"

मी म्हटलं, कोर्टाचं काम, आपल्या हातात काय आहे.

"असं कसं? तुमच्या कागदावर पंच तुमीच हुता म्हणून तुमी सुटलासा. आमच्या कागदावर बी तुमीच हायसा की. मग आमी का सुटत न्हाय?"

आवाज चढवला नाही. विचारून गेली. मी अर्धा तास रिकामी पट्टी घासत होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

समन्स आलं. कुतुबुद्दीनच्या केसमध्ये सरकारी साक्षीदार, पंच क्रमांक एक. दहा मार्च. हवालदार स्वतः घेऊन आले. "नेहमीचंच म्हणायचं. तुम्हाला काय शिकवायचं?" आणि कोरे कागद पुढं केले.

म्हटलं, हात पॉलिशचे आहेत. म्हणाले, वाळू देत. बसले. इलाहीनं आपल्या सह्या केल्या आणि गेला. दोन चहा झाले. मी परत बोळा बुडवला. ते परत बसले. शेवटी माझ्या सहीविनाच कागद गोळा करून उठले आणि रस्ता ओलांडून गेले. वीस वर्षांत ते असे गेले नव्हते. वाईट वाटलं. माणूस चांगला आहे, नंदिनीच्या बारशाला आलेला.

रात्री नंदिनीला विचारलं, कोर्टात खरं सांगितलं तर काय होईल? दर वेळी पुस्तक उघडते, आज उघडलं नाही. म्हणाली, "तुमच्यावरच केस होईल, अप्पा. खोटी साक्ष. जुनी सगळी प्रकरणं निघतील. लंगड्याचं बी."

"आणि गप्प बसलो तर?"

"कोऱ्या कागदाबद्दल बोलायची सक्ती तुमच्यावर कोण करणार? विचारायला तर पाहिजे कुणी. नेहमीचं म्हटलं की झालं, सगळं सुरळीत."

"आणि कुतुबुद्दीन?"

"तो गप्प बसला काय आणि बोलला काय. त्याच्यासाठी तुमचा कागद बोलतोय की."

मग मायलेकी दोघी आत गेल्या. बराच वेळ कुजबुज चालली होती. श्यामला बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "कोर्टात जाताना पांढरा सदरा घाला. त्याला स्पिरिटचा वास न्हाय."

१ मार्च

झोप नाही. मोजायचा प्रयत्न केला. आठवड्याला दहा. पुढं मोजलं नाही.

भीती वाटते. सहा महिन्यांची वाटत होती त्याहून जास्त.

९ मार्च

सदरा श्यामलानं इस्त्री करून ठेवला आहे. इलाही म्हणाला, "तुम्ही बोललासा तर मी बी अडकतो." म्हटलं, व्हय. तो बराच वेळ एक चाक फिरवत बसला. मग म्हणाला, "सकाळी सायकलवर सोडतो तुम्हाला."

१० मार्च, सोमवार

शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, सदर इसमाच्या तोंडास वास येत होता का? सांगितलं — मी त्याला तेव्हा पाहिलेलाच नाही, सही केली तेव्हा कागद कोरा होता. साहेब म्हणाले, विचार करून बोला, हे तुमच्यावर उलटू शकतं, गप्प राहायचं असेल तर राहा. म्हटलं, माहीत आहे साहेब, लिहून घ्या. कारकुनानं जबाब लिहिला आणि नेहमीसारखं खाली बोट ठेवून कागद सरकवला. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा.